गॅट्सबीच्या मातीला कोण आलं?

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही छोटेखानी कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी प्रसिद्ध झाली. श्रीमंतीवरच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की तिचं नाव आधी येतं, पण वाचून झाल्यावर मनात घर करतं ते तिच्या शेवटी येणारं मयत. जे गॅट्सबी हा तरुण न्यूयॉर्कजवळ, समुद्राच्या काठी, राजवाड्यासारख्या घरात एकटा राहतो. साल १९२२. अमेरिकेत दारूबंदी आहे आणि चोरट्या दारूच्या धंद्यात त्याने अफाट पैसा केला आहे. उन्हाळाभर दर शनिवार-रविवारी त्याच्या बागेत शेकडो माणसं खातात, पितात, नाचतात. शुक्रवारी शहरातून संत्र्या-लिंबांच्या पाच पेट्या येतात आणि सोमवारी पिळून घेतलेल्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर पडतो. उन्हाळा सरता सरता याच गॅट्सबीचा घरच्या तलावात गोळी घालून खून होतो. अंत्ययात्रा निघते ती तीन गाड्यांची. पुढे शववाहिका, तिच्यामागच्या गाडीत गॅट्सबीचे वडील, धर्मगुरू आणि शेजारी राहणारा निक, आणि तिसऱ्या गाडीत चार-पाच नोकर व गावचा पोस्टमन. पाऊस पडत असतो. कुणीतरी येईल म्हणून निकने धर्मगुरूंना अर्धा तास थांबवून घेतलेलं असतं, पण कुणीही येत नाही. दफनभूमीवर मागाहून एक चष्मेवाला पाहुणा तेवढा धावतपळत पोचतो.

ही गोष्ट कुणालाही सांगा, ‘असतील शितं तर जमतील भुतं’ ही म्हण लगेच तोंडावर येते. शितं संपली, भुतं पांगली, विषय मिटला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. म्हणीने पार्टीतल्या गर्दीचा उलगडा होतो, रिकाम्या मयताचा होत नाही. आपल्याकडे पंगतीला जेवलेली माणसंच मातीलाही येतात. ती काही गॅट्सबीच्या पाहुण्यांपेक्षा फार थोर मनाची असतात असं नाही. वर्षानुवर्षं बोलणं बंद असलेला भाऊबंदही त्या दिवशी दारात येऊन उभा राहतो. तेव्हा खरा प्रश्न असा पडतो, की जेवणारा माणूस कुठल्या धाग्याने मातीपर्यंत ओढला जातो आणि गॅट्सबीच्या घरी तो धागा कुठे तुटला होता? नागपूरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, बुटीबोरीसारख्या ठिकाणी, हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. बोरी हे गाव होतं तेव्हा कुणाच्या मातीला कोण जाणार हे ठरलेलं होतं. एमआयडीसी आली, धागा, कापड, टायर, विजेच्या मनोऱ्यांचे कारखाने आले, आणि विदर्भातल्या खेड्यांबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून माणसं इथे भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिली. पैसा कमवायला घर सोडलेली ही सगळी माणसं आहेत. गॅट्सबीही तसाच होता. मिनेसोटा की डाकोटा असल्या आडबाजूच्या मुलखातून, गरीब शेतकऱ्याच्या घरातून, जेम्स गॅट्झ हे नाव टाकून तो पूर्वेकडे आला होता.

विदर्भातल्या गावात एखादं माणूस गेलं की काय होतं ते थोडं बारकाईने पाहावं. निरोप फिरतो. बोलावणं कुणाला जात नाही; लग्नाला पत्रिका लागते, मातीला लागत नाही. कुणी बांबू आणतो, कुणी तिरडी बांधायला बसतो, कुणी लाकडांच्या मागे लागतो. त्या घरची चूल पेटत नाही म्हणून शेजारून जेवण येतं. स्मशानात लोक येतात, काही करायचं नसलं तरी बसून राहतात. पुढे तेरवीपर्यंत कोण आलं आणि कोण आलं नाही हे घरातली माणसं लक्षात ठेवतात, कारण ते फेडायचं असतं. आमच्या बापाच्या वेळी ते आले होते, आता आपल्याला गेलंच पाहिजे, ही भाषा व्यवहाराची आहे आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. हा व्यवहार एकाच दिवसाचा असता तर टिकला नसता. त्याच्या मागे वर्षभराची देवघेव असते: पेरणीला बैलजोडी मागितली, अडीनडीला पायली-दोन पायली धान्य नेलं, रात्री-बेरात्री दवाखान्यात कुणीतरी सोबत आलं. यातलं काहीच पुरतं फिटत नाही, आणि फिटत नाही म्हणूनच येणं-जाणं चालू राहतं. माझं म्हणणं असं आहे, की मातीला माणसं आणतं ते हे न फिटलेलं देणं. श्रीमंतीचा खरा धोका माणूस लोभी होण्यात नाही. आपल्याला कुणाची गरज उरू नये आणि आपल्यावर कुणाचं देणं राहू नये, एवढी सोय पैसा करून देतो, तिथे तो धोका असतो.

कादंबरी या नजरेने पुन्हा वाचली की पुरावा पानोपानी सापडतो. गॅट्सबी कुणाकडून काही घेत नाही. पार्टीत एका मुलीचा झगा खुर्चीत अडकून फाटतो, तर आठवड्याच्या आत तिच्या घरी २६५ डॉलरचा नवा झगा पोचता होतो. तिच्यासोबतची दुसरी मुलगी सांगते त्याप्रमाणे, त्याला कुणाशी काही भानगड नको असते. ही मोठी सूचक जागा आहे. फाटलेल्या झग्याबद्दल दिलगिरीचे दोन शब्द, तिचं थोडं रुसणं, पुढल्या वेळी त्याची आठवण निघणं, एवढ्याशा गोष्टीतून दोन माणसांत काहीतरी शिल्लक राहिलं असतं. गॅट्सबी पैसे टाकून ते शिल्लक राहूच देत नाही. त्याच्या घरी क्लिपस्प्रिंगर नावाचा एक जण महिनोन्‌महिने फुकट राहतो, इतका की लोक त्याला तिथला भाडेकरूच म्हणतात. गॅट्सबी गेल्यावर त्याचा फोन येतो. निकला वाटतं, हा तरी येणार. तो विचारतो, माझे टेनिसचे बूट तिथे राहिलेत, नोकराच्या हाती पाठवून द्याल का? त्याच्या नीचपणावर बोट ठेवून आपण पुढे जातो. पण तो जे करतो ते या घराच्या रीतीला धरूनच आहे. या घरात पाहुण्याकडून कधी काही मागितलं गेलं नव्हतं, तेव्हा आपल्याला काही देणं लागतं हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

याच्या उलट निककडे पाहा. गॅट्सबीच्या पार्टीला रीतसर बोलावलेल्या थोड्यांपैकी तो एक. गॅट्सबीने साऱ्या उन्हाळ्यात कुणाकडे खऱ्या अर्थाने उपकार मागितला असेल तर तो निककडे. डेझी ही गॅट्सबीची जुनी प्रेयसी, आता दुसऱ्याची बायको आणि निकची नातलग. तिला एक दिवस चहाला बोलावून आमची गाठ घालून दे, एवढीच ती विनंती. गॅट्सबी सवयीने तिचीही किंमत चुकवायला जातो. बाजूला एक छोटा धंदा आहे, चार पैसे सुटतील, असं अडखळत सुचवतो. निक ती बोलणी तिथेच तोडतो, कारण ही करायच्या कामाची मजुरी आहे हे त्याला उघड दिसतं. चहा मात्र तो करतो. संबंध कादंबरीत गॅट्सबीच्या अंगावर राहिलेलं हे एकच देणं. आणि पुढे मयताची सगळी धावपळ करणारा, फोन करणारा, पत्र पाठवणारा, गॅट्सबीच्या बापाला आपण त्याचे जवळचे मित्र असं सांगणारा माणूस हा निकच असतो. लेखकाने हे ठरवून केलं की त्याच्या हातून सहज घडलं, हे कळायला मार्ग नाही, पण दोन्ही प्रसंग समोरासमोर ठेवले की योगायोग म्हणवत नाही. उरलेली माणसंही पाहा. पोस्टमन रोज दारात यायचा. नोकर त्या घरात वावरत होते. चष्मेवाला पाहुणा एका रात्री गर्दी सोडून ग्रंथालयात शिरला होता आणि इथली पुस्तकं खरी आहेत, नुसती शोभेची नाहीत, म्हणून हरखून गेला होता. शेकडो पाहुण्यांत यजमानाबद्दल एवढं कुतूहल दाखवलेला तोच. आणि बाप. मुलगा गेल्याची बातमी त्यांना शिकागोच्या वर्तमानपत्रातून कळते. ते मिनेसोटातून येतात ते त्याच घराचा एक फोटो खिशात घेऊन. हाताळून हाताळून कडेला चिरलेला, मळलेला. मुलाने पाठवलेला तो फोटो ते निकला पुन्हा पुन्हा दाखवतात. २०१३ साली बाझ लुहरमनने केलेल्या चित्रपटात या बापाला जागा मिळाली नाही. आपल्याला तो चित्रपट आठवतो तो अमिताभ बच्चनमुळे. त्यात त्यांनी मेयर वुल्फशाइम हा गॅट्सबीचा गुन्हेगारीतला भागीदार केला होता. बाप गाळल्याने मयत आणखी ओकंबोकं झालं हे खरं, पण कादंबरीतलं दुःख हलकंही झालं. तिथे एक माणूस असा आहे ज्याला सगळ्या जगाने यायला हवं होतं असं मनापासून वाटतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो साधा नाही. गॅट्सबी गुन्हेगार होता, मृत्यू खुनाचा, वर्तमानपत्रांत नको ते छापून आलेलं. अशा ठिकाणी अब्रूदार माणूस कशाला जाईल? पोलीस केस म्हटली की आपल्याकडेही चार माणसं मागे सरतात. वुल्फशाइम हेच सांगतो. मला यात अडकता येणार नाही म्हणतो, आणि मैत्री माणूस जिवंत असताना दाखवावी असा उपदेशही निकला करतो. त्याच्यापुरतं हे कारण मी मान्य करीन. पाहुण्यांच्या बाबतीत ते टिकत नाही. गॅट्सबीने माणूस मारलाय, तो जर्मनांचा हेर होता, या वावड्या त्याच्याच बागेत, त्याच्याच हातचा पेला धरून ते उन्हाळाभर चघळत होते. बदनामीने त्यांना तेव्हा दूर ठेवलं नाही. मातीच्या वेळी त्यांनी कारण द्यायलाही पाहिजे होतं, पण बहुतेकांनी तेही दिलं नाही, कारण कारण देण्याइतकं बंधनही त्यांना वाटलं नव्हतं. डेझीचं तसं नाही. तिच्या हातून गाडीखाली एक बाई मेली होती आणि तो आळ गॅट्सबीने आपल्यावर येऊ दिला होता. तिचं ना एक फूल येतं, ना निरोप. तिच्या न येण्यात भीती आहे, अपराधी मन आहे, आणि घर बंद करून निघून जाण्याची ऐपत आहे. निक फोन करतो तेव्हा ती नवऱ्यासह सामान घेऊन गेलेली असते, पत्ता न ठेवता.

दुसरा आक्षेप बाल्झाकच्या ‘पेर गोरियो’चा. १८३५ च्या या फ्रेंच कादंबरीतला म्हातारा गोरियो शेवयांच्या धंद्यात श्रीमंत झालेला. सगळी मिळकत दोन मुलींवर उधळून तो एका सामान्य खाणावळीत मरतो. पोटच्या मुलींशी न फिटणारं नातं असूनही त्या येत नाहीत. येतात त्यांच्या रिकाम्या गाड्या, दारावर घराण्याचं चिन्ह असलेल्या. मग देण्याघेण्याच्या माझ्या म्हणण्याचं काय? मला वाटतं गोरियोने मुलींच्या बाबतीत तेच केलं जे गॅट्सबीने पाहुण्यांच्या बाबतीत केलं. दिलं, फक्त दिलं. त्यांच्याकडून कधी काही घेतलं नाही, आणि बापाकडे जायचं ते बिल भागवायला, एवढीच वाट मुलींच्या पायाखाली उरली. त्याच्या मागून स्मशानापर्यंत चालतात ते दोघे: खाणावळीत त्याच्या शेजारी राहणारा विद्यार्थी रास्तिन्याक आणि तिथला नोकर क्रिस्तोफ. कबर खणणाऱ्यांना द्यायला विद्यार्थ्याच्या खिशात काही नसतं, तेव्हा तो नोकराकडून उसने वीस सू घेतो. एका टेबलावर जेवलेली माणसं आणि एक उसनवारी. पॅरिसमध्ये काय, गॅट्सबीच्या लाँग आयलंडवर काय, येणारी माणसं एकाच जातकुळीची निघतात.

गर्दीवरून माणसाची किंमत करायची का, असंही कुणी विचारील. मुळीच नाही. १८८३ च्या मार्चमध्ये लंडनच्या हायगेट दफनभूमीत कार्ल मार्क्सला निरोप द्यायला जेमतेम अकरा माणसं होती. खुद्द फिट्झजेराल्ड २१ डिसेंबर १९४० रोजी चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा मेरीलँडमधल्या त्याच्या दफनालाही वीस-तीसच लोक आले, आणि ‘गॅट्सबी’ची पुस्तकं प्रकाशकाकडे पडून होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना वाटलेल्या स्वस्त आवृत्त्यांतून ती दीड लाखाहून जास्त हातांत गेली आणि मग तिचं नशीब फिरलं. कोरोनाच्या २०२० सालात तर सरकारनेच अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा घातली होती. त्या काळात किती घरांतून माणसं दाराशी अडून राहिली, जाता येत नाही म्हणून तळमळली. म्हणून आकड्याला मी महत्त्व देत नाही. यायला मोकळी असूनही, न येण्याची बोच कुणाला लागली नाही, हे गॅट्सबीच्या मयतातलं भयाण आहे.

याच्या अगदी उलटही घडतं. बुटीबोरी म्हटलं की नागपूरकराला बुटी घराणंही आठवतं. नागपूरचे धनवान गोपाळराव ऊर्फ बापूसाहेब बुटी यांनी शिर्डीत एक दगडी वाडा बांधायला घेतला. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, साईबाबा गेले आणि त्याच वाड्यात त्यांची समाधी झाली. देह कुठे ठेवायचा यावर हिंदू-मुसलमानांत छत्तीस तास वाद चालला, कोपरगावचे मामलेदार आले, लोकांचं मत घेतलं गेलं, असं ‘साईसच्चरिता’त आहे. मालकीचं काहीही नसलेल्या फकिरावर हक्क सांगायला दोन समाज भांडत होते. याचं कारण भक्तीत आहेच, पण त्याच ग्रंथात दुसरीही गोष्ट आहे. हा फकीर गावातल्या ठरावीक घरांतून रोज भिक्षा मागत असे. ज्यांना तो देत होता त्यांच्याच भाकरीवर जगत होता. आपल्या अमरावतीकडच्या गाडगेबाबांची रीत याहून स्पष्ट. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचा, मग भाकरी मागायची. लाखोंच्या धर्मशाळा उभारल्या, राहायला त्यांत एक खोली घेतली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावच्या वाटेवर, ते गेले. त्यांच्या मागे किती लोक लोटले हे विदर्भाला सांगायला नको. मागण्याची लाज न बाळगणाऱ्या या दोघांपुढे गॅट्सबी ठेवून पाहिला की त्याचं दैन्य कळतं. त्याला मागताच येत नव्हतं.

यावरचा सगळ्यात कठीण आक्षेप आपल्या घरातला आहे. गावाची ही देवघेव मी मांडतो तितकी निर्मळ कधीच नव्हती. कोण कुणाला खांदा देणार हे भावकी ठरवत होती, जात ठरवत होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आजही स्मशानं जातीजातीची वेगळी आहेत, आणि कुणाची वाट कुणाच्या शेतातून जाते यावर मयत अडवण्यापर्यंत गोष्टी जातात. जातीबाहेर लग्न केलेल्याच्या, गावाशी वैर घेतलेल्याच्या दारात माणसं येत नाहीत, आणि न येणं हीच शिक्षा असते. शहराने, कारखान्याने, हातातल्या पगाराने या जाचातून माणसं सोडवली. मग गावाच्या मातीचे गोडवे कशाला? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. जुनी भावकी परत यावी असं मला वाटत नाही. पण सुटका झाल्यावर माणूस कुणाच्याच हिशेबात उरू नये, हेही मला मान्य नाही. पोस्टमन, नोकर, शेजारी, खाणावळीतला विद्यार्थी, यांतलं कुणी मेलेल्याच्या जातीचं वा गोताचं नव्हतं. जवळ राहण्यातून आणि एकमेकांना लागण्यातून आलेलं ते नातं होतं. बुटीबोरीत असं नातं दहा बाय दहाच्या खोलीत तयार होतं. एक जण पहिल्या पाळीला, दुसरा रात्रपाळीला. गॅसच्या हंडीचे पैसे वाटून, तापात डबा आणून देऊन, घरी पैसे पाठवायला पगाराआधी उसने घेऊन. त्यातलं कुणी गेलं तर गावाकडची माणसं पोचायला वेळ लागतो. तोवर इस्पितळातले कागद, पोलिसांचा पंचनामा, देह घरी न्यायचा तर रुग्णवाहिकेचं भाडं, नाहीतर इथल्याच घाटावर लाकडं, हे सगळं खोलीतल्या जोडीदारावर येतं. तो वर्गणी काढतो, ठेकेदाराला फोन करतो, रजा टाकतो.

कायदा करणाऱ्यांनी हा जोडीदार ओळखला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात, म्हणजे कामगार ज्याला ईएसआय म्हणतात त्यात, विमाधारक कामगार गेला तर अंत्यविधीचा खर्च देण्याची तरतूद झाली. ही रक्कम १५,००० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ती आधी कुटुंबातल्या हयात असलेल्या सगळ्यांत वडीलधाऱ्याला मिळते. पण कामगाराला कुटुंब नसेल, किंवा मरताना तो कुटुंबासोबत राहत नसेल, तर ज्याने प्रत्यक्ष खर्च केला त्याला ती मिळावी असं कायदा म्हणतो. नात्याचा दाखला तिथे लागत नाही. अंत्यविधी केला, एवढ्यावर हक्क उभा राहतो. अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत करायचा असतो. उशीर झाला तर मुदत वाढवून देण्याचा अधिकार ईएसआय महामंडळाला आहे. हे सगळं चालतं ते कामगाराचं नाव ईएसआयमध्ये नोंदलेलं असेल तरच. ठेकेदाराकडच्या माणसाची नोंद झाली आहे की नाही, पगारातून कापलेला हप्ता त्याच्या नावावर जमा होतो की नाही, त्याचा विमा क्रमांक खोलीतल्या दुसऱ्या कुणाला माहीत आहे की नाही, हे तो जिवंत आणि कामावर असतानाच पाहून ठेवायला हवं. बुटीबोरीतल्या युनियनच्या पाटीवर आणि कारखान्याच्या फाटकावर हिंदी-मराठीत एवढी माहिती लावायला कुणाची परवानगी लागत नाही.